बुटाचं स्मारक आहे, पण नाव नाही: बेनेडिक्ट अर्नॉल्ड

नदीकाठ (धागाकर्ती)

ऑक्टोबरात आईबाबा आमच्याकडे ऑल्बनीला आले होते. बाबा निवृत्त इतिहासशिक्षक, त्यामुळे नायगाराच्या आधी त्यांना अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली साराटोगाची रणभूमी बघायची होती. घरून पाऊण तासाचा रस्ता. मेपल ऐन रंगात, गवतावर सकाळचं दव, आणि बाबा प्रत्येक फलकापुढे उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे.

तिथं झाडीच्या कडेला एक छोटंसं दगडी स्मारक आहे. दगडात तोफेची नळी कोरलेली आणि तिच्यावर एकच उंच घोडेस्वारी बूट. दोन नाहीत, एकच. बाकी ना चेहरा, ना पुतळा. मागच्या बाजूला मजकूर आहे. त्याचा आशय असा की, अमेरिकी फौजेतला सर्वांत तेजस्वी सैनिक या जागी भयंकर जखमी झाला, त्यानं देशबांधवांना क्रांतीची निर्णायक लढाई जिंकून दिली आणि स्वतः मेजर जनरलचा हुद्दा मिळवला. बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "अगं, पण नाव कुठंय?"

नाव नाहीच. १८८७ साली स्मारक उभं राहिलं तेच नावाशिवाय. (आणि हुद्द्याचं वाक्यही बरोबर नाही. मेजर जनरल तो त्या लढाईच्या आधीच झाला होता. त्या हुद्द्यावरूनच पुढचं सगळं रामायण घडलं.)

हा बूट बेनेडिक्ट अर्नॉल्डचा. आपण मराठीत एखाद्याला "सूर्याजी पिसाळ" म्हणतो, तसं इथं आजही "बेनेडिक्ट अर्नॉल्ड" म्हणतात. माझ्या मुलीला शाळेत एवढंच माहीत होतं. तो आधी कोण होता हे तिला सांगायला बसले आणि सांगता सांगता मलाच राहवेना, म्हणून हा धागा.

जन्म १७४१, नॉरिच, कनेटिकट. वडील दारूपायी बुडालेले. पोरानं न्यू हेवनमध्ये औषधांचं दुकान थाटलं, मग स्वतःची जहाजं घेऊन व्यापार केला. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळी झडल्याची बातमी आली, तेव्हा गावातले वडीलधारे "थांबू, बघू" म्हणत होते. यानं दारूगोळ्याच्या कोठाराच्या किल्ल्या मागितल्या, नाहीतर दार फोडतो म्हणाला. किल्ल्या मिळाल्या. मे महिन्यात इथन ॲलनबरोबर तो इंग्रजांच्या टिकोंडेरोगाच्या किल्ल्यात शिरला.

मग क्विबेकची मोहीम. मला अर्नॉल्ड समजला तो इथं. सप्टेंबर १७७५ मध्ये सुमारे अकराशे माणसं घेऊन तो मेनच्या निबिड जंगलातून कॅनडाकडे निघाला. होड्या घाईघाईत ओल्या लाकडाच्या बांधलेल्या, पहिल्या दिवसापासून गळायला लागल्या. पिठाची आणि खारवलेल्या मांसाची पिंपं भिजून नासली. होड्या खांद्यावर घेऊन दलदलीतून चालायचं, रात्री ओल्या कपड्यांत झोपायचं. शेवटी माणसांनी कुत्रं मारून खाल्लं, बुटांचं आणि पिशव्यांचं चामडं उकळून खाल्लं, मेणबत्त्या खाल्ल्या. मागची एक तुकडी सरळ परत फिरली. नोव्हेंबरात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी पोचले ते सहाशेच्या आसपास, आणि अर्नॉल्ड पुढे धावून त्यांच्यासाठी गुरं आणि पीठ मिळवून मागे पाठवत होता. ३१ डिसेंबरला हिमवादळात हल्ला केला. दुसरा अमेरिकी सेनापती मॉन्टगोमेरी पडला, अर्नॉल्डच्या डाव्या पायात गोळी लागली, हल्ला फसला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात शँप्लेन सरोवरावर व्हॅलकूर बेटाजवळ त्यानं हाताला येईल त्या लाकडातून बांधलेला ताफा इंग्रज आरमारासमोर उभा केला. ताफा जवळजवळ सगळा गेला. पण थंडी तोंडावर आली आणि इंग्रजांची स्वारी एक वर्ष लांबली. ते एक वर्ष मिळालं नसतं तर साराटोगा झालंच नसतं, असं माझं ठाम मत आहे.

एवढं सगळं झाल्यावर फेब्रुवारी १७७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं पाच जणांना मेजर जनरल केलं. पाचही जण अर्नॉल्डपेक्षा कनिष्ठ. कारण काय, तर कनेटिकटच्या वाट्याचे दोन मेजर जनरल आधीच झाले होते. वॉशिंग्टनलासुद्धा हे आवडलं नाही. एप्रिलमध्ये रिजफील्डला अर्नॉल्डच्या खालचा घोडा मारला गेला, तरी तो लढत राहिला, तेव्हा हुद्दा दिला. पण ज्येष्ठता दिली नाही. ते पाच जण वरच राहिले.

७ ऑक्टोबर १७७७. सेनापती गेट्सशी भांडण झाल्यामुळे अर्नॉल्डकडची तुकडी काढून घेतलेली. तंबूत बसून तोफांचे आवाज ऐकणं त्याला शक्य नव्हतं. घोड्यावर टाच मारून तो हुकुमाशिवाय रणात घुसला. इंग्रजांच्या बाजूच्या ब्रेमनच्या मोर्च्यात शिरता शिरता मांडीचं हाड गोळीनं फुटलं, घोडा अंगावर कोसळला. तोच डावा पाय. दहा दिवसांनी इंग्रज सेनापती बर्गॉइननं सुमारे ५,८०० माणसांसह शस्त्रं खाली ठेवली. फेब्रुवारीत फ्रान्सनं तहावर सही केली.

त्याच माणसानं तीन वर्षांत हडसन नदीवरचा वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांना विकायला काढला. २०,००० पौंडांना.

बाबा परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "अन्याय झाला होता त्याच्यावर." झाला होता, मान्य. पण अन्यायापासून २०,००० पौंडांपर्यंतचा रस्ता मला अजून पटत नाही. त्यावरच बोलायचं आहे.

अस्थिबंध

फार आवडलं. मी हाडांचा डॉक्टर (कोल्हापूर), म्हणून पायाबद्दल लिहितो.

मांडीचं हाड बंदुकीच्या गोळीनं फुटणं ही त्या काळात जवळजवळ मृत्यूची चिठ्ठी. भूल नाही, प्रतिजैविकं नाहीत. पाय कापणं हाच शहाणा सल्ला होता आणि अर्नॉल्डनं तो धुडकावला. ऑल्बनीच्या लष्करी रुग्णालयात त्याचा पाय लाकडी पेटीत बांधून ठेवला होता. कूस बदलायची नाही, उठायचं नाही. महिनोन्‌महिने. त्याची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टर जेम्स थॅचरनं रोजनिशीत लिहून ठेवलंय की तो फार चिडचिडा आणि अधीर झालाय. ज्यानं आयुष्यात कधी एका जागी बसून दाखवलं नाही, त्या माणसाची ती अवस्था. त्याच दिवसांत त्याच शहरात साराटोगाचा विजय गेट्सच्या नावावर साजरा होत होता.

हाड जुळलं, पण पाय दोन इंचांनी आखूड झाला. माझ्याकडे अपघाताचे रुग्ण येतात. सहा आठवडे ट्रॅक्शनमध्ये पडलेला तरुण पोरगा कसा बदलतो हे मी पाहतो. छताकडे बघत तो एकच गोष्ट हजार वेळा उगाळतो. अर्नॉल्डची फितुरी माफ करत नाही, पण ती कुठं रुजली असं विचाराल तर मी त्या खाटेकडे बोट दाखवीन.

रानवारा

थोडं वैयक्तिक लिहिते. एका ठिकाणी चौदा वर्षं काम केलं. मी ज्यांना काम शिकवलं त्यातल्या दोघांना माझ्या वर बसवलं. कारण सांगितलं, "तुमच्या विभागाचा कोटा भरलाय." त्या रात्री घरी येऊन मी जेवले नाही. हे वाक्य अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल वाचताना पोटात तसंच तुटलं.

पैशांचं पण बघा ना. क्विबेकच्या मोहिमेत त्यानं पदरचे पैसे घातले, हिशेबाचे कागद पळापळीत हरवले, आणि शेवटी काँग्रेसच्या हिशेबनिसांनी उलट त्याच्याकडेच येणं काढलं. पाय दिला, पैसा दिला, वर कोर्टमार्शल. नदीकाठ, तुम्ही त्याच्या जागी असता तर?

नदीकाठ

रानवारा, तुमचं वाचून वाईट वाटलं. आणि प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

फिलाडेल्फियात तो लष्करी गव्हर्नर होता (जून १७७८ पासून), तेव्हा त्यानं हात ओले करून घेतले हेही खरं. बंद दुकानांच्या काळात खासगी भागीदारीत माल फिरवला, सरकारी गाड्या खासगी मालासाठी वापरल्या. मोठा वाडा, बग्गी, मेजवान्या. पेनसिल्व्हेनियाच्या जोसेफ रीडनं आरोप लावले ते सूडबुद्धीनं, पण सगळेच हवेतले नव्हते. कोर्टमार्शलनं बहुतेक आरोपांतून सोडलं, दोन किरकोळ ठेवले. शिक्षा काय, तर वॉशिंग्टनकडून लेखी समज. एप्रिल १७८०.

पण तारखा बघा. इंग्रजांकडे पहिला निरोप गेला मे १७७९ मध्ये. कोर्टमार्शल पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी, पेगी शिपेनशी लग्न होऊन महिना झाला असेल-नसेल तेव्हा.

आणि अन्याय काय त्याच्या एकट्यावर झाला? १७७७ च्या त्याच बढत्यांच्या घोळात न्यू हॅम्पशरच्या जॉन स्टार्कला डावललं. त्यानं राजीनामा फेकला, घरी जाऊन शेती बघू लागला, आणि ऑगस्टमध्ये बर्गॉइनची तुकडी दारात आली तेव्हा गावकऱ्यांची फौज घेऊन बेनिंग्टनला ती बुडवली. डॅनियल मॉर्गन तर अर्नॉल्डचाच माणूस. मेनच्या त्या जंगलात त्याच्या बरोबर, क्विबेकच्या बर्फात त्याच्या बरोबर, साराटोगाला त्याच्या बरोबर. त्यालाही १७७९ मध्ये डावललं. पाठीचं आणि सांध्यांचं दुखणं घेऊन तो व्हर्जिनियाला घरी गेला. पुढच्या वर्षी कॅम्डेनला अमेरिकी फौजेची दाणादाण उडाल्याचं कळलं, तसा मानापमान गुंडाळून परत आला, आणि जानेवारी १७८१ मध्ये काउपेन्सला इंग्रजांच्या टार्लटनचा धुव्वा उडवला.

म्हणजे रागावून घरी जायचा रस्ता उघडा होता. तुम्हीही राजीनामा दिला असेल किंवा गिळून पुढे गेला असाल, पण कंपनीच्या तिजोरीच्या किल्ल्या शेजारच्याला विकल्या नाहीत ना?

रानवारा

राजीनामा दिला. आज स्वतःचं छोटं काम आहे. मुद्दा पोचला.

जुनी_पाने

एक बाजू राहतेय. अर्नॉल्डनं नंतर जाहीरनामा काढला त्यात त्याचं म्हणणं होतं की फ्रान्सशी हातमिळवणी हाच खरा घात. इंग्लंडनं १७७८ मध्ये बोलणी करायला माणसं पाठवली, जवळजवळ सगळं द्यायला तयार होते, मग राजेशाही कॅथलिक फ्रान्सच्या हाती मान का द्यायची? असं मानणारे अमेरिकेत हजारो होते. त्यांना कुणी फितूर म्हणत नाही, राजनिष्ठ म्हणतात.

त्या फ्रेंच तहाचा आपल्याकडेही परिणाम झाला. फ्रान्स युद्धात उतरला म्हणून इंग्रजांनी १७७८ मध्ये पाँडिचेरी आणि १७७९ मध्ये माहे घेतलं. माहेवरून हैदर बिथरला. पुण्यात तर सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील १७७७ पासूनच नाना फडणीसांच्या भोवती होता, आणि मुंबईकर इंग्रजांची झोप त्यानं उडवली होती. साराटोगाच्या चिखलात जे घडलं त्याचे तरंग वडगावच्या वेळच्या राजकारणात दिसतात. अर्नॉल्डच्या पायाची किंमत थोडी आपल्या इतिहासातही आहे असं मला मनापासून वाटतं.

नदीकाठ

सेंट लुबिनचा धागा जोडलात, बाबा खूश झाले. त्यांनी लगेच पुण्यातल्या मित्राला फोन लावला.

पण मताच्या मुद्द्यावर मी हटणार नाही. मत बदललं असतं तर तो हुद्दा सोडून उघडपणे पलीकडे गेला असता. त्याऐवजी त्यानं वेस्ट पॉइंट मागून घेतलं. ऑगस्ट १७८० मध्ये वॉशिंग्टननं त्याला सैन्याची डावी फळी देऊ केली होती, केवढा मान! ज्याच्यासाठी तो तीन वर्षं तळमळला तो मान. तर यानं पाय दुखतो म्हणून सांगितलं आणि किल्लाच मागितला. पत्रात सौदा असा: किल्ला आणि आतली माणसं दिली तर २०,००० पौंड, आणि बेत फसला तरी १०,००० पक्के. इंग्रज सेनापती क्लिंटननं पहिलं कबूल केलं, दुसरं नाही. आत तीन हजार माणसं असायला हवीत अशी अट होती. त्याच्याच हुकुमाखालची तीन हजार पोरं. तत्त्वाची पत्रं अशी नसतात.

मीठभाकर

पेगीबद्दल सांगा ना. ती खरंच सामील होती का? वय किती?

नदीकाठ

लग्नात १८, अर्नॉल्ड ३८. सामील होतीच. इंग्रज सेनापती क्लिंटनचे कागद विसाव्या शतकात अभ्यासकांना खुले झाले, तेव्हा ते पुराव्यानिशी कळलं. निरोप जायचे ते जोसेफ स्टॅन्सबरी नावाच्या काचसामान विकणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत. सांकेतिक आकडे, अदृश्य शाई, वर साधी बायकी पत्रं. पलीकडे मेजर जॉन आंद्रे. इंग्रज फिलाडेल्फियात होते तेव्हापासून पेगी त्याला ओळखत होती.

२५ सप्टेंबर १७८० ची सकाळ सांगते, ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हडसनच्या काठचं रॉबिन्सन यांचं घर. वॉशिंग्टन नाश्त्याला येणार म्हणून टेबल मांडलेलं, त्याचे दोन अधिकारी आधी येऊन बसलेले. तेवढ्यात अर्नॉल्डच्या हातात चिठ्ठी पडते: जॉन अँडरसन नावाचा माणूस (हे आंद्रेचंच खोटं नाव) संशयास्पद कागदांसह पकडलाय. आणि ही चिठ्ठी त्याला त्याच्याच एका बिचाऱ्या कर्नलनं, रिवाज म्हणून, पाठवलेली. वर जाऊन पेगीला सांगितलं, खाली आला, पाहुण्यांना "किल्ल्यावर जाऊन येतो" म्हणाला आणि उतारावरून घोडा पिटाळत नदीवर. आपल्या नावेत बसून व्हल्चर या इंग्रज जहाजाकडे वल्हवायला लावलं.

नावेतले नावाडी अमेरिकी सैनिक होते. सेनापतीनं वल्हवा म्हटलं, त्यांनी वल्हवलं. जहाजावर चढल्यावर त्यानं त्यांना इंग्रजांच्या बाजूला या म्हणून सांगितलं, आणि ते नाही म्हणाले तेव्हा त्यांना युद्धकैदी करून टाकलं. क्विबेकच्या वाटेवर उपाशी पोरांसाठी पीठ धुंडाळणारा माणूस तो हाच. मला २०,००० पौंडांपेक्षा या नावेची चीड जास्त येते.

त्याच दिवशी जहाजावरून वॉशिंग्टनला पत्र लिहिलं. देशप्रेमापोटीच हे केलं, आणि पेगी निर्दोष आहे, तिला जपा. पेगीनं वर खोलीत वेड लागल्याचं असं सोंग केलं की वॉशिंग्टन, त्याचा सहायक हॅमिल्टन सगळे हळहळले. कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं.

डोंगरवाट

आंद्रेचं काय झालं तेही येऊ द्या. अर्नॉल्डला भेटून परतताना त्याचं जहाज तोफेच्या माऱ्यामुळे खाली सरकलं होतं. कर्नल लिव्हिंगस्टननं स्वतःच्या जबाबदारीवर काठावरून मारा केला म्हणून. त्यामुळे आंद्रेला साध्या कपड्यांत जमिनीवरून जावं लागलं. २३ सप्टेंबरला टॅरीटाउनजवळ पॉल्डिंग, विल्यम्स आणि व्हॅन वर्ट या तिघा स्वयंसैनिकांनी अडवलं. मोज्यात किल्ल्याचे कागद सापडले. त्यानं घड्याळ देऊ केलं, पैसे देऊ केले, त्यांनी सोडलं नाही. एका बाजूला मेजर जनरल २०,००० चा भाव करतोय आणि दुसऱ्या बाजूला खिशात दमडी नसलेली शेतकऱ्यांची पोरं लाच नाकारतात.

२ ऑक्टोबरला टॅपनला आंद्रेला फाशी. गोळी घालून मारा, सैनिकासारखं मरू द्या, एवढीच मागणी होती. नाही मिळाली. अर्नॉल्डच्या बदल्यात आंद्रे परत द्यायला अमेरिकी तयार होते असं म्हणतात, पण क्लिंटन आश्रयाला आलेल्याला परत देणार नव्हता.

वेस्ट पॉइंटला गेलात तर नदीवर ताणलेल्या त्या लोखंडी साखळीच्या १३ कड्या अजून ठेवल्यात. एकेक कडी शंभर पौंडांहून जड. मी हात लावून पाहिली, गार पडली होती. इंग्रज जहाजं हडसनमध्ये वर येऊ नयेत म्हणून ती होती, आणि तिची डागडुजी अर्नॉल्डनं मुद्दाम होऊ दिली नाही.

शाईपेन

पुढे काय मिळालं त्याला?

जुनी_पाने

६,००० पौंड आणि वर ३१५ खर्चाचे. ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा, म्हणजे अमेरिकेत होता त्याच्यापेक्षा एक पायरी खाली. ६ सप्टेंबर १७८१ ला न्यू लंडन जाळलं. स्वतःच्या जन्मगावापासून काही तासांच्या वाटेवर. पलीकडच्या ग्रिसवोल्ड किल्ल्यात ८० हून अधिक माणसं मेली, बरीचशी शरण आल्यावर. त्यातले कितीतरी एकमेकांचे भाऊ, चुलते. माझी फ्रान्सबद्दलची बाजू मी मांडली खरी, पण न्यू लंडनपुढे तीही लंगडी पडते, हे कबूल करतो.

१७८५ नंतर काही वर्षं कॅनडात सेंट जॉनला व्यापार केला, तिथल्या राजनिष्ठांनीच त्याच्या घरापुढे त्याचा पुतळा जाळला. १४ जून १८०१ ला लंडनमध्ये गेला. बॅटर्सीच्या सेंट मेरी चर्चमध्ये पुरला आहे.

आणि मीठभाकर, त्या सकाळचं ते सहा महिन्यांचं बाळ, एडवर्ड, मोठं होऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत घोडदळात आलं. १८१३ मध्ये हिंदुस्थानातच वारलं.

मीठभाकर

अंगावर काटा आला. म्हणजे त्या घरातला एक जण आपल्या मातीत आहे.

अस्थिबंध

नदीकाठ, डिसेंबरात मुलाकडे बॉस्टनला येतोय. बूट बघायचाच आहे. आणखी काय बघू?

नदीकाठ

जमलं तर बर्फ पडायच्या आत या, हिवाळ्यात रणभूमीचा आतला रस्ता गाड्यांना बंद असतो. आणि तिथून थोडं उत्तरेला साराटोगाचा मोठा मनोरा आहे, १५५ फूट. तो चुकवू नका. चार बाजूंना चार कोनाडे. एकात गेट्स, एकात सेनापती स्कायलर, एकात तुमच्या-माझ्या धाग्यातला मॉर्गन. चौथा मोकळा, अर्नॉल्डसाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला.

बाबांनी मॉर्गनच्या कोनाड्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. मग फिरून चौथ्या बाजूला गेले आणि बराच वेळ मान वर करून बघत राहिले. आईनं शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली, तेव्हा कुठे निघालो.